शेपटीला विचारा, आरन्ट आय?

दहावी-बारावीच्या इंग्रजी पेपरातला हुकमी प्रश्न: 'अ‍ॅड अ क्वेश्चन टॅग'. नियम सुटसुटीत. वाक्य होकारी, तर शेपूट नकारी. वाक्य नकारी, तर शेपूट होकारी. 'शी सिंग्ज वेल, डझन्ट शी?' गुण खिशात! खरी धमाल पुढे आहे.

'आय अ‍ॅम लेट'ला काय जोडाल? 'अ‍ॅमन्ट आय' स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये खुशाल बोलतात, पण प्रमाण इंग्रजीत हवं 'आरन्ट आय?' एरवी 'आय आर' लिहिलं की लाल शाई, शेपटीत मात्र तेच बरोबर.

'नोबडी कॉल्ड' दिसायला होकारी, पोटात नकार. म्हणून 'डिड दे?' फोन एकानेही केला नाही, तरी सर्वनाम अनेकवचनी! 'हार्डली', 'सेल्डम', 'फ्यू' हेही असेच छुपे नकार. पण 'फ्यू'आधी नुसता 'अ' बसवा, लगेच होकार. 'लेट्स गो'ला तर थेट 'शॅल वी?'

पेपरात न मावणारी गोष्ट म्हणजे सूर. 'इट्स कोल्ड, इझन्ट इट?' म्हणताना शेवटी आवाज उतरला, तर तुम्ही फक्त मान डोलवायची असते. चढला, तरच तो खरा प्रश्न. उलटतपासणीतल्या वकिलाचं 'यू वेअर देअर, वेअरन्ट यू?' हे प्रश्नाच्या वेशातलं विधानच. आणि 'सो यू आर द बॉस, आर यू?' होकाराला होकारी शेपूट! पेपर तपासणारा कदाचित फुली मारेल, पण इंग्रज माणूस टोमणा मारायला हेच वापरतो.

बायका अशा शेपट्या जास्त लावतात, कारण त्यांना ठामपणे बोलू दिलं जात नाही, असं भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लॅकॉफ यांनी मांडलं. 1975 मध्ये डुबॉइस आणि क्राउच या अभ्यासकांनी एका विद्वत्सभेतलं बोलणं तपासलं, तर शेपट्या लावणारे सगळे पुरुष! त्यांच्या लेखाच्या शीर्षकाचा शेवटही 'डू दे?' असाच. संशोधनातला इतका नेमका चिमटा विरळाच.

एवढी कटकट हवी कशाला? फ्रेंचांचं 'नेस्पा' कुठल्याही वाक्याला चालतं, आपलं 'ना?'सुद्धा. लंडनच्या पोरांनीही 'इनिट' हे एकच शेपूट सगळीकडे लावायला घेतलंय. 'दे आर लेट, इनिट?' म्हटलं तरी तिथे कुणाचं अडत नाही. बोर्डाच्या पेपरात मात्र हा प्रयोग करू नका, गुण जाईल.