दागिना न मोडतां सोन्याची पारख

मृग नक्षत्र तोंडावर आलें कीं लातूरकडील पुष्कळ घरांत दागिन्यांची पेटी उघडली जाते. सोयाबीन-तुरीचें बियाणें व खत यांची तजवीज करावयाची असते, आणि घरधनिणीच्या पाटल्या किंवा बोरमाळ सराफाच्या पेढीवर अथवा बँकेंत तारण म्हणून जाते. तें सोनें किती कसाचें, हें कोण व कसें ठरवितो यावर पेरणीचा पैसा अवलंबून असतो. म्हणून या पारखेची रीत आपल्या वाचकांनीं समजून घेणें अगत्याचें आहे.

जुनी रीत कसोटीची. दगडावर सोन्याची रेघ ओढून, तिजवर तेजाब लावून रंग पाहावयाचा. ही विद्या खरी. पण बारीक फरक नजरेंतून निसटतो. दुसरी रीत अग्निपरीक्षेची. तींत नमुना कापून शिशाबरोबर भट्टींत तापवितात. निर्णय बिनचूक मिळतो. परंतु तेवढा तुकडा जातो.

आतां सराफी पेढ्यांवर तिसरें साधन आलें आहे. बाजारांत त्यास कॅरेट मीटर म्हणतात. राँटजेन यांनीं 1895 सालीं शोधलेले क्ष-किरण यांत दागिन्यावर पाडतात. त्यायोगें धातूच्या अणूंतील आंतला एक इलेक्ट्रॉन उडून जातो, बाहेरचा त्याची जागा घेतो, आणि त्या वेळीं नवा क्ष-किरण बाहेर पडतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या अशा किरणाची शक्ति ठराविक असते. हा नियम मोस्ले या तरुण इंग्रज शास्त्रज्ञानें 1913 सालीं सिद्ध केला. अंधारांत घंटेच्या नादावरून धनी आपला बैल ओळखतो, तसें यंत्र सोनें, रुपें, तांबें व जस्त ओळखतें आणि त्यांचें शेंकडा प्रमाण छापून देतें. दागिन्यास ओरखडाहि पडत नाहीं.

याचा हिशेब पाहा. 22 कॅरेट म्हणजे हजारांत 916 भाग सोनें. 18 कॅरेट म्हणजे 750. वीस ग्रॅमच्या पाटल्यांत पहिल्या प्रकारीं 18.32 ग्रॅम शुद्ध सोनें निघतें, दुसऱ्या प्रकारीं 15 ग्रॅम. नुसत्या अंदाजानें घट धरल्यास शेतकरी केवढा बुडेल, हें यावरून दिसेल.

परंतु यंत्रावर आंधळा विश्वासहि नको. किरणांची दृष्टि सोन्यांत केसाच्या जाडीइतकीहि खोल जात नाहीं. जाड मुलाम्याखालीं दुसरा धातु असल्यास तो दिसत नाहीं. पोकळ दागिन्यांतील लाखेचें वजन यंत्र सांगत नाहीं. डाग दिलेल्या सांध्यावर कस कमी दिसतो. म्हणून दागिना स्वच्छ पुसून, सांधे टाळून, निदान तीन-चार ठिकाणीं परीक्षा घ्यावी. शंका उरल्यास अग्निपरीक्षाच शेवटची.

नवा दागिना घेतांना भारतीय मानक ब्यूरोची खूण, शुद्धतेचा अंक व सहा अक्षरांकांचा संकेत पाहावा. 1 एप्रिल 2023 पासून या संकेतावांचून हॉलमार्कचा दागिना विकतां येत नाहीं. घरांतील जुने दागिने ब्यूरोमान्य केंद्रांत तपासून घेतां येतात.

महसूल कचेरींत आयुष्य गेल्यामुळें एक गोष्ट मनावर ठसली आहे: जो आंकडा कागदावर नाहीं, त्याची दाद लागत नाहीं. यास्तव गंजगोलाईंत जा कीं अन्यत्र, परीक्षा आपल्या डोळ्यांदेखत करवावी, वजन व कस यांची चिठ्ठी मागून घ्यावी, आणि मगच भावाचें बोलणें काढावें.