दूरवैद्यक आणि रिकामी खुर्ची

तालुक्याच्या गावी तीस खाटांचे रुग्णालय उभे राहते. परंतु तेथील शल्यचिकित्सक, प्रसूतितज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ यांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त राहतात. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या आकडेवारीनुसार देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या मानाने तब्बल ७९.५ टक्के विशेषज्ञ कमी होते.

या उणिवेवर दूरवैद्यकाचा उतारा सुचविला जातो. हा विचार नवा नाही. आंध्र प्रदेशातील अरगोंडा या खेड्यातील रुग्णालय २००० मध्येच शहरातील तज्ज्ञांशी जोडले गेले होते. २०१९ मध्ये केंद्राची ‘ई-संजीवनी’ सेवा सुरू झाली आणि मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाची नियमावलीही आली. यंत्र आले, मान्यताही मिळाली. प्रश्न एवढाच उरतो, की पडद्यावरच्या तज्ज्ञाने बोलावयाचे कोणाशी?

याचे एक उत्तर अमेरिकेतील न्यू मेक्सिको या विरळ वस्तीच्या राज्याने दिले आहे. यकृतरोगतज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांनी तेथे २००३ मध्ये ‘प्रोजेक्ट इको’ सुरू केला. तज्ज्ञांनी दूरच्या रुग्णांना स्वतः तपासण्याऐवजी त्यांच्या स्थानिक डॉक्टरांशी दर आठवड्यास दूरचित्रसंवादाने चर्चा केली आणि उपचार त्याच डॉक्टरांच्या हाती ठेवले. ‘हिपॅटायटिस सी’च्या ४०७ रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या चिकित्सालयात ५७.५ टक्के रुग्णांवरील उपचार यशस्वी ठरले. खेड्यांतील व तुरुंगांतील केंद्रांत हे प्रमाण ५८.२ टक्के होते. तज्ज्ञ गावी गेला नाही. त्याचे ज्ञान मात्र गावी जाऊन मुक्कामास राहिले.

दूरवैद्यकाची खरी शक्ती हीच आहे आणि मर्यादाही येथेच आहे. तारेवरून सल्ला जातो. रक्ताची पिशवी जात नाही. अडलेल्या बाळंतिणीची शस्त्रक्रिया पडद्यावरून होत नाही. तेथे शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ प्रत्यक्षच हवेत.

डॉक्टर खेड्यात राहावयास तयार नसतात, अशी शासनाची नेहमीची तक्रार असते. ती निराधार नाही. परंतु अवघड रुग्ण समोर असताना विचारावयास कोणी नाही, हा एकटेपणाही त्या नाखुशीच्या मुळाशी असतो. वैद्यकीय महाविद्यालयांनी आपल्या परिसरातील ग्रामीण रुग्णालयांशी साप्ताहिक रुग्णचर्चा करणे हा नित्याच्या कामाचा भाग मानल्यास तो एकटेपणा पुष्कळसा ओसरेल. रिक्त जागा भरण्याचे उत्तरदायित्व मात्र त्यामुळे टळत नाही. पडद्याने खुर्चीवरील डॉक्टरला बळ द्यावे. रिकामी खुर्ची झाकण्यासाठी त्याचा उपयोग होऊ नये.