घरच्या संगणकांतील खंडणीखोर

वाशिमहून पुसदच्या वाटेला लागलें म्हणजे अनसिंग लागतें. अनसिंगसारख्या कोणत्याहि मोठ्या गांवीं आज कांहीं ठिकाणीं संगणक हटकून सांपडतो : लग्नाचीं छायाचित्रें काढणाराच्या दुकानांत, सेवा केंद्रांत, शिक्षकाच्या घरीं, आणि पुण्या-नागपुरास शिकून सुट्टीला आलेल्या मुलाच्या टेबलावर. यंत्राची किंमत दुकानदार सांगेल. आंत जें सांठविलेलें असतें त्याला मात्र बाजारभाव नाहीं. वडील वारल्यावर त्यांचा आवाज ज्या एकाच चित्रफितींत उरला असेल, ती चित्रफीत पुन्हां विकत कोठून आणावी ? नेमक्या ह्याच अडचणीवर ज्यांनीं धंदा उभारला आहे, त्या खंडणीखोर आज्ञावलींविषयीं, म्हणजे रॅन्समवेअरविषयीं, आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

साधा चोर दागिने घेऊन पळतो. हा चोर आपल्या कपाटाला स्वतःचें कुलूप घालतो आणि किल्लीची किंमत मागत दारांत बसतो. १९८९ सालीं एड्स रोगाची माहिती देण्याच्या बहाण्यानें सुमारें वीस हजार फ्लॉपी तबकड्या टपालानें निरनिराळ्या देशांत पाठविण्यांत आल्या होत्या. त्या चालविणारांचे संगणक कांहीं दिवसांनीं अडून बसत आणि १८९ डॉलर पनामा येथील टपालपेटीच्या पत्त्यावर पाठवावे, अशी मागणी पडद्यावर उमटे. तें कुलूप कच्चें होतें. जाणत्यांनीं तें लौकरच उघडलें. आजचें कुलूप तसें नाहीं. त्याला दोन किल्ल्या असतात : एकीनें तें फक्त लागतें, आणि उघडणारी दुसरी किल्ली आपल्या संगणकांत कधीं आलेलीच नसते. म्हणूनच “कोणी हुशार मुलगा बसून उघडून देईल” ही आशा बहुधा व्यर्थ ठरते.

आपल्या महाराष्ट्रानें हा घाला चांगलाच अनुभवला आहे. २७ जून २०१७ रोजीं ‘नॉटपेट्या’ नांवाची आज्ञावली जगभर पसरली, तेव्हां न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतील, मर्स्क ह्या डॅनिश कंपनीच्या समूहाकडून चालविला जाणारा धक्का ठप्प झाला. मार्च २०२१ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे संगणकहि अशाच घाल्यास बळी पडले. नॉटपेट्याची एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पडद्यावर ती खंडणी मागत होती खरी, परंतु तिची रचनाच अशी होती कीं, पैसे देऊनहि कांहीं परत मिळणें शक्य नव्हतें. मर्स्कच्या जगभरच्या जाळ्याचा जो मूळ तक्ता, त्याच्या सर्व प्रती नष्ट झाल्या. एकच उरली, ती आफ्रिकेंतील घाना देशांतील कचेरींत, कारण त्या वेळीं तेथें वीज गेलेली होती! विदर्भांत वीज गेल्यावर आपण जे उद्गार काढतों ते येथें सांगावयास नकोत. पण त्या कंपनीला ती वीज जाणें लाभलें. जी प्रत जोडलेली नव्हती तीच वांचली, हा त्यांतला मुद्दा.

घरगुती संगणकांवर मात्र गेल्या कांहीं वर्षांत अधिक उपद्रव दिला तो ‘स्टॉप’ अथवा ‘डीजेव्हीयू’ ह्या कुळानें. हें कूळ आपण होऊन शिरत नाहीं. त्याला आपणच आंत आणतों. महागडी आज्ञावली फुकट मिळावी म्हणून ‘क्रॅक’ किंवा ‘ॲक्टिव्हेटर’ उतरवून घेतला जातो, आणि सोबत सूचना असते कीं, तो चालविण्यापूर्वीं अँटीव्हायरस बंद करावा. चोरानें निरोप धाडावा कीं, मी येतों आहें, तेव्हां राखणदाराला सुट्टी द्या, आणि आपण ती आनंदानें द्यावी, असा हा प्रकार आहे.

त्याचीं लक्षणें अशीं. छायाचित्रें व कागदपत्रें उघडेनाशीं होतात. फाइलीच्या नांवापुढें अपरिचित शेपूट लागतें आणि तिचें चित्रचिन्ह कोरें पांढरें दिसूं लागतें. प्रत्येक कप्प्यांत ‘रीडमी’ सारख्या नांवाची एक चिठ्ठी आढळते. ह्या कुळाच्या चिठ्ठींत पुष्कळ काळ ९८० डॉलर, आणि ७२ तासांच्या आंत दिल्यास ४९०, असा भाव असे; सवलतीचा हा बाजारी डाव घाई करविण्यासाठींच आहे. याउलट, न्याहाळकांत एखादें पान सगळा पडदा व्यापून “तुमचा संगणक बंद करण्यांत आला आहे, अमुक क्रमांकावर फोन करा” असें ओरडत असेल, तर तें बहुधा नुसतें बुजगावणें असतें. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ह्या कळा एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून न्याहाळक बंद करावा व आपल्या फाइली उघडून पाहाव्या. त्या उघडत असतील तर कुलूप लागलेलेंच नाहीं. त्या क्रमांकावर फोन मात्र करूं नये.

कुलूप खरेंच लागलें असेल तर प्रथम इंटरनेट तोडावें. तार काढावी, वायफाय बंद करावें. जोडलेला पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क उपटून घ्यावी. फाइलींचीं नांवें डोळ्यांदेखत बदलत असतील तर थेट यंत्र बंद करावें, म्हणजे उरलेलें तरी वांचेल. घाबरून राखीव प्रतीची डिस्क लागलीच जोडणें हा घात होय. तिलाहि तेंच कुलूप लागेल. चिठ्ठीचें मोबाइलवर छायाचित्र घ्यावें, आणि चिठ्ठी व कुलूपबंद फाइली पुसूं नयेत.

येथें दोन गोष्टींची गल्लत फार होते. विषाणू काढणें वेगळें आणि कुलूप उघडणें वेगळें. अँटीव्हायरस चोराला घराबाहेर काढील, पण त्यानें घातलेलें कुलूप तसेंच राहील. म्हणून कुलूपबंद फाइली एका स्वतंत्र डिस्कवर उतरवून बाजूस ठेवाव्या, संगणक सर्वस्वी पुसून विंडोज नव्यानें घालावें, आणि दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून बँकेचे व ईमेलचे परवलीचे शब्द बदलावे. कारण डीजेव्हीयूसोबत पुष्कळदां परवलीचे शब्द चोरणारा साथीदारहि येतो. मग किल्लीचा शोध. युरोपोल, डच पोलिस आणि दोन संगणक-सुरक्षा कंपन्या यांनीं जुलै २०१६ मध्यें ‘नो मोअर रॅन्सम’ हें संकेतस्थळ सुरू केलें. ज्या कुळांच्या किल्ल्या हातीं आल्या आहेत त्या तेथें फुकट मिळतात. डीजेव्हीयूच्या बाबतींत, घाल्याच्या वेळीं त्याचा आपल्या धन्याशीं संपर्क झाला नसेल तर तो पुष्कळांना एकच ठराविक किल्ली लावतो. चिठ्ठींतील ओळखचिन्ह ‘टी-वन’ ह्या अक्षर-अंकानें संपत असेल तर ही आशा धरावी. आज किल्ली नसली तरी उद्यां सांपडूं शकते, म्हणून ती डिस्क जपून ठेवावयाची. शिवाय हें कूळ मोठ्या फाइलीचा केवळ आरंभींचा सुमारें १५० किलोबाइट भाग बिघडवितें. म्हणून लग्नाच्या लांबलचक चित्रफिती दुरुस्त होऊन बऱ्याच अंशीं परत मिळूं शकतात. छायाचित्रांचें नशीब इतकें चांगलें नसतें.

खंडणी देऊं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. किल्ली येईलच याची हमी नाहीं, आणि एकदां देणारा पुन्हां देईल हें मागणारा ओळखून असतो. “आम्ही खात्रीनें उघडून देतों” म्हणणारे कांहीं मध्यस्थ गुपचूप खंडणीच भरतात आणि आपला आकार वर लावतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० खालीं हा गुन्हा आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर किंवा जवळच्या पोलिस ठाण्यांत तक्रार देतां येते, आणि पैसे गेले असतील तर १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावें.

आतां आधींच्या काळजीविषयीं. चोरीच्या आज्ञावलीचा मोह सोडला तर निम्मा धोका टळला, असें मी समजतों. संगणकास येणाऱ्या सुधारणा टाळूं नयेत : मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’चा उतारा मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्येंच दिला होता, पण ज्यांनीं तो घेतला नाहीं ते दोन लाखांहून अधिक संगणक सांपडले. विंडोज १० ची नियमित सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, हेंहि घरोघरीं पाहून घ्यावें.

राहतां राहिली राखीव प्रत. ती दुसऱ्या डिस्कवर असावी, आणि काम होतांच ती डिस्क काढून कपाटांत ठेवावी. सदैव जोडलेली डिस्क ही प्रत नव्हेच. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं नवीं छायाचित्रें तिच्यावर उतरवावीं, आणि उतरविल्यावर त्यांतलीं दोनचार दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहावीं. उघडलीं, तर डिस्कवर खडूनें तारीख घालून ती परत कपाटांत.