जेलमधली पोकळी कुणाची?

हायड्रोजेलवरच्या शोधनिबंधांत एक चित्र हमखास असतं: मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पेच कप्पे. खाली लिहिलेलं असतं, ‘जेलची सच्छिद्र रचना’. पुष्कळदा ती रचना जेलची नसतेच.

हे चित्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं घेतलेलं असतं. इलेक्ट्रॉनचा झोत हवेत विखुरतो, म्हणून या सूक्ष्मदर्शकाच्या आत निर्वात लागतो. ओलं जेल तसंच आत ठेवलं तर पाणी उडून ते आक्रसतं. म्हणून ते आधी गोठवतात आणि निर्वातात बर्फाची थेट वाफ करून सुकवतात. पण सावकाश गोठताना बर्फाचे स्फटिक वाढतात, जेलच्या पॉलिमरच्या जाळ्याला बाजूला रेटतात, आणि बर्फ गेल्यावर त्यांच्या जागी कप्पे उरतात. जेलच्या जाळ्यातली अंतरं सहसा काही नॅनोमीटरची असतात. हे कप्पे मात्र मायक्रोमीटरमध्ये मोजावे लागतात. त्यांच्यावरून जेलमधून औषध किती वेगानं झिरपेल याचा अंदाज बांधणं मला धोक्याचं वाटतं.

ओलं ते ओलंच पाहायची सोय आहे. सिडनीत गेरासिमोस डॅनिलाटोस यांनी १९७०च्या दशकाअखेरीपासून ती घडवत नेली. लोकरीच्या तंतूंचा अभ्यास केलेल्या या माणसाला ओलाव्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको होतं. त्यांच्या यंत्रात झोत सोडणारी इलेक्ट्रॉन गन कडक निर्वातात राहते आणि नमुन्याभोवती पाण्याची वाफ असते. मध्ये बारीक छिद्रं, आणि टप्प्याटप्प्यावर वाफ खेचून घेणारे पंप. नमुना २ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की पाणी द्रवरूप राहायला सुमारे ७०० पास्कल दाब पुरतो. हवेच्या दाबाचा हा शंभरावा हिस्सासुद्धा नाही. दाब जरा उतरला की नमुना डोळ्यांदेखत वाळू लागतो, चढला की त्यावर पाणी साचून पृष्ठभागच झाकला जातो.

वाफ आणखीही कामं करते. नमुन्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन तिच्या रेणूंवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन मोकळे करतात, त्यामुळे संकेत वाढतो. उरलेले धन आयन नमुन्यावर साचणारा ऋण प्रभार निववतात, म्हणून एरवी हा प्रभार वाहून न्यायला द्यावा लागणारा सोन्याचा मुलामाही लागत नाही. केंब्रिजमध्ये अ‍ॅथीन डोनाल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात याच तंत्रानं पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिक लॅटेक्सची पापुद्रा धरण्याची प्रक्रिया अभ्यासली. इमल्शन रंग भिंतीवर वाळतो तोही असाच.

पण झोत पाण्याचे रेणूही फोडतो, आणि त्यातून निघणारी हायड्रॉक्सिल मूलकं पॉलिमरच्या साखळ्या तोडतात. म्हणून फोकस एका कोपऱ्यात जुळवायचा आणि चित्र शेजारच्या, अजून झोत न लागलेल्या जागेचं घ्यायचं.