उसाच्या ट्रॉलीमागचा रिफ्लेक्टर

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडचे रस्ते रात्रभर जागे असतात. ट्रॅक्टर, त्यामागे दोन ट्रॉल्या आणि वर उंच रचलेला ऊस. उसाची टोके मागे एवढी लोंबतात की ट्रॉलीला टेललाइट असलाच तरी तो झाकला जातो. पुष्कळदा तो पेटतच नाही. ट्रॅक्टरपासून मागच्या ट्रॉलीपर्यंत आलेली वायर बांध चढता-उतरताना कुठेतरी तुटलेली असते आणि खेपेच्या घाईत ती जोडायला कोणी थांबत नाही. मग मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव तळहाताएवढ्या तांबड्या प्लॅस्टिकवर अवलंबून राहतो.

या प्लॅस्टिकला बॅटरी लागत नाही, वायरही लागत नाही. फुटलेला रिफ्लेक्टर हाती आला तर त्याची आतली बाजू जरूर बघा. पुढून गुळगुळीत, मागे मात्र बारीक कोन दाटीवाटीने बसवलेले. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळतात, तशा प्रत्येक कोनात तीन बाजू एकमेकींना काटकोनात. आत शिरलेला प्रकाश या तिन्हींवर आपटतो आणि आला त्याच दिशेने परत जातो. साधा आरसा तिरका असला की प्रकाश भलतीकडे फेकतो. रिफ्लेक्टर ज्याचा प्रकाश त्यालाच परत देतो. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या चौकटीत असेच १०० लोलक होते, आणि २०२३ मध्ये आपल्या विक्रम लँडरवरून नासाचे आठ लोलक चंद्रावर उतरले. तत्त्व तेच.

रेडियमच्या दुकानात मिळणाऱ्या चिकटपट्ट्यांत हेच काम बारीक काचमणी करतात. भारीतल्या पट्टीत लोलक असतात. नुसता चकचकीत, रंगीत कागद दिवसा तसाच दिसतो आणि रात्री काहीच करत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०४ वा नियम रिफ्लेक्टरचा आहे. पट्टी पुढे पांढरी, मागे तांबडी, बाजूला पिवळी. पट्टीच्या दर्जासाठी एआयएस-०९० हे मानक आहे.

आता साधा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी २० मीटर. बिनप्रकाशाची, मातकट ट्रॉली डिपर लाइटमध्ये दिसते तीही जेमतेम तेवढ्याच अंतरावरून. वेग ८० असेल तर सुटका नाही. चांगला रिफ्लेक्टर त्याच्या कितीतरी आधी लकाकतो आणि माणसाला विचार करायला वेळ देतो.

पण त्याच्याही मर्यादा आहेत. परतलेला प्रकाश हेडलाइटच्या आसपासच एकवटलेला असतो. मोटारसायकलवाल्याचे डोळे दिव्याच्या जवळ, म्हणून त्याला तो लख्ख दिसतो. ट्रकचालक दिव्यापेक्षा बराच उंच बसतो, त्याला तेवढ्याच अंतरावरून फिका दिसतो. चिखलाचा थर तर दुहेरी मार देतो, कारण प्रकाशाला त्यातून जातानाही पार व्हावे लागते आणि येतानाही. तडा जाऊन मागच्या बाजूला पाणी शिरले की ते कोन निकामी होतात.

हंगामाच्या तोंडावर ठिकठिकाणी पोलीस, आरटीओ आणि कारखाने रिफ्लेक्टर वाटतात. हे काम मोलाचे आहे. तरी एक गोष्ट पुन्हा पुन्हा खटकते. पट्टी रिकाम्या ट्रॉलीच्या फाळक्यावर चिकटवली जाते आणि ऊस भरला की वाढ्यांखाली गडप होते. त्यापेक्षा भरलेल्या उसावरून मागे बांधायचे, पट्ट्या शिवलेले कापड माझ्या मते कधीही सरस, कारण ते सगळ्यांत मागे राहते. दिवाच नसलेल्या बैलगाडीला तर त्याच्याशिवाय आधार नाही. रिफ्लेक्टर दिसत नसेल तर गाडी वजनकाट्यावर घ्यायची नाही, एवढा नियम प्रत्येक कारखान्याने कडक पाळला पाहिजे.

ट्रॅक्टरवाल्यांना एकच विनंती. फडातून निघताना कापड बांधा, ओल्या फडक्याने पट्टी पुसा, पन्नास पावले मागे जा आणि मोबाइलची बॅटरी डोळ्यालगत धरून ट्रॉलीकडे बघा. तांबडे लकाकले नाही, तर गाडी रस्त्यावर काढू नका.