डोंबिवलीच्या नाल्यातलं तेल लॅबमध्ये कसं मोजतात?

फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवली एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला आणि त्याचे फोटो देशभर फिरले. रंग दिसतो, म्हणून त्याची बातमी होते. नाल्याच्या पाण्यात मिसळलेलं तेल आणि ग्रीस मात्र अनेकदा नुसत्या डोळ्यांना कळतही नाही. मग कारखान्याने मर्यादा ओलांडली की नाही, हे ठरवायचं कसं?

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ नुसार नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात तेल-ग्रीसची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम आहे. चिमूटभर मिठाचं वजनही याहून जास्त भरेल. एवढंसं तेल लिटरभर पाण्यातून बाहेर काढायला 'लिक्विड-लिक्विड एक्स्ट्रॅक्शन' वापरतात. म्हणजे एका द्रवातला पदार्थ दुसऱ्या द्रवात ओढून घ्यायचा.

ठाण्यात मामलेदारची मिसळ खाल्ली असेल, तर हे तुम्ही पाहिलेलं आहे. मिरचीचा लाल रंग पाण्यापेक्षा तेलात जास्त रमतो, म्हणून तर्री लालभडक होऊन वर तरंगते. लॅबमध्ये तर्रीचं काम हेक्झेन करतं. ते पाण्यात मिसळत नाही, पाण्याहून हलकं असतं आणि तेल त्यात सहज विरघळतं.

पण आधी बाटली

नमुना काचेच्या बाटलीतच घ्यावा लागतो, कारण तेल प्लास्टिकला चिकटून बसतं. त्यात आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणतात. त्यामुळे जंतू तेल खात नाहीत आणि पाण्यात विरघळलेल्या साबणाचं पुन्हा फॅटी अ‍ॅसिड होऊन तेही हेक्झेनमध्ये जातं. तेल काचेलाही थोडं चिकटतंच, म्हणून रिकामी बाटली हेक्झेनने धुऊन ते धुवणही नमुन्यात घालतात. ही पायरी गाळली, तर पाणी आहे त्याहून स्वच्छ ठरतं!

मग सगळं सेपरेटिंग फनेलमध्ये ओतून जोरात हलवायचं. फनेल हे पेरूच्या आकाराचं, खाली तोटी असलेलं काचेचं भांडं. आत वाफेचा दाब वाढतो, म्हणून ते उलटं धरून मधूनमधून तोटी उघडावी लागते. थर वेगळे झाले की खालचं पाणी काढून घेतात. बारावीनंतर मी केमिस्ट्रीला रामराम ठोकला, पण थर वेगळे होताना बघायला अजून आवडतं.

हेच तीनदा करतात. का? समजा, एखादा पदार्थ पाण्यापेक्षा तिप्पट प्रमाणात सॉल्व्हंटमध्ये विरघळतो. १०० मिली पाण्यासाठी १०० मिली सॉल्व्हंट एकदाच वापरलं, तर २५ टक्के पदार्थ पाण्यात उरतो. तेच सॉल्व्हंट तीन समान भागांत वापरलं, तर दर वेळी निम्मा निघतो आणि शेवटी साडेबारा टक्केच उरतो. खर्च तेवढाच.

सांडपाण्यात डिटर्जंट असेल, तर मध्ये फेसाळ थर अडकतो. मग मीठ घालून वाट बघायची. शेवटी हेक्झेन उडवून उरलेल्याचं वजन करतात.

हेक्झेनसोबत पेट्रोलसारखी हलकी तेलंही उडतात, ती या आकड्यात येत नाहीत. आणि पाण्यात विरघळणारा गुलाबी रंग? तो हेक्झेनकडे फिरकतच नाही. त्यामुळे पाणी गुलाबी दिसत असतानाही तेल-ग्रीसचा रिपोर्ट मर्यादेत येऊ शकतो. रंगाची तपासणी वेगळी करावी लागते.