पात्रे आणि त्यांचा कर्ता

गेल्या स्नेहसंमेलनाच्या वेळी देवलांच्या 'शारदा' नाटकातील एक प्रवेश बसवीत असता, शारदेची भूमिका घेतलेल्या विद्यार्थिनीने आम्हांस मध्येच थांबवून विचारले, "सर, आपण नाटकात आहोत हे या बिचारीला कळले असते, तर ती कोणाच्या पाया पडली असती? बापाच्या, की देवलांच्या?" तालमीची मंडळी हसली. आम्हीही हसलो, आणि वेळ होत आली म्हणून तीस पुढचे वाक्य घेण्यास सांगितले. परंतु घरी गेल्यावर तो प्रश्न काही केल्या मनातून जाईना.

प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. कथेतील माणसे आपापल्या जगात सुखदुःखे भोगीत असतात. बाप निष्ठुर निघाला, दैव फिरले, असे ती म्हणतात. ते दैव म्हणजे पुढे कागद पसरून बसलेला कोणी गृहस्थ आहे, आणि आपले बरेवाईट त्याच्या लहरीवर आहे, याची त्यांस गंधवार्ताही नसते. ती झाली तर काय होईल? या कल्पनेवर परदेशांतील दोघा लेखकांनी जे लिहिले ते प्रसिद्धच आहे; परंतु तिचे धागेदोरे आपल्या सांगली-साताऱ्यापर्यंत येऊन पोचतात, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

प्रथम परदेशाकडे वळू. स्पेन देशातील सालामांका येथील विद्यापीठात मिगेल दे उनामुनो नावाचे ग्रीक भाषेचे अध्यापक होते. त्यांची 'धुके' या अर्थाच्या नावाची कादंबरी १९१४ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक ऑगुस्तो हा सुखवस्तू व काहीसा घोटाळलेला तरुण आहे. प्रेमात फसगत झाल्यावर तो जीव देण्याचे ठरवितो; परंतु त्यापूर्वी त्या थोर अध्यापकांचा सल्ला घ्यावा म्हणून आगगाडीने सालामांकास जाऊन थेट उनामुनोंच्याच खोलीत शिरतो. उनामुनो त्यास शांतपणे सांगतात, "तुला जीव देता यावयाचा नाही, कारण तू जिवंतच नाहीस. तू माझ्या कल्पनेतला आहेस." बिचारा ऑगुस्तो क्षणभर गर्भगळित होतो. परंतु लगेच सावरून तो उलट प्रश्न टाकतो, की कदाचित आपणच खोटे असाल. माझी हकीकत जगापुढे यावी एवढ्याचसाठी आपण निर्माण झाला असाल! येथे अध्यापकमहाशयांचा तोल सुटतो, आणि "आता मीच तुला मारतो" असे ते बजावतात. जो घटकेपूर्वी मरावयास निघाला होता तोच आता जगू द्या म्हणून पदर पसरू लागतो! कर्ता ऐकत नाही. तेव्हा ऑगुस्तो जाता जाता सांगतो, की आपणही एक दिवस मराल, आणि ही कथा वाचणारेही सारे मरतील. मग तो घरी जातो, भरपेट जेवतो आणि त्याच रात्री मरतो.

ही कथा ज्यांस केवळ गंमत वाटेल त्यांनी ती पुन्हा एकदा सावकाश वाचावी. मरू इच्छिणाऱ्या मनुष्यास जगण्याची ओढ केव्हा लागली? आपले मरण आपल्या हाती नाही, दुसऱ्याच्या हाती आहे, हे कळले तेव्हा.

इटलीतील पिरांदेल्लो यांच्या, १९२१ साली रोम येथे प्रथम झालेल्या नाटकात याच्या उलट प्रकार आहे. तेथे सहा पात्रे एका तालमीत घुसतात व आम्हांस नाटककार पाहिजे म्हणून हट्ट धरितात. कारण ज्याने त्यांस कल्पिले त्याने त्यांस अर्ध्यावरच टाकून दिले आहे. पहिल्या प्रयोगास प्रेक्षकगृहात मोठा गोंधळ माजला. कर्ता असण्याचे जसे भय आहे, तसेच कर्ता नसण्याचेही आहे, असे त्या नाटकावरून दिसते.

परंतु ही युक्ती पश्चिमेकडच्यांनाच प्रथम सुचली असे कोणी समजू नये. 'अध्यात्मरामायणा'त राम वनवासास निघतो व सीतेस अयोध्येतच राहण्यास सांगतो. सीता सर्व प्रकारे विनविते, आणि शेवटी जो मुद्दा काढते तो मोठा नामी आहे. ती म्हणते, आजवर पुष्कळांच्या मुखांतून पुष्कळ रामायणे ऐकिली. राम सीतेवाचून वनास गेला असे त्यांपैकी एकात तरी आहे काय? यावर राम निरुत्तर होतो व तीस बरोबर नेतो. आपण ग्रंथातील आहोत हे सीतेस पक्के ठाऊक आहे. आणि त्या ज्ञानाने ऑगुस्तोप्रमाणे खचून न जाता ती त्याचा पुरावा म्हणून उपयोग करिते. आमच्या मते कोणत्याही देशातील पात्राने आपल्या कर्त्याशी याहून सफाईदार वाद घातलेला नाही.

विदर्भातील पद्मपूरचा कवी भवभूती याने आठव्या शतकात याच्याही पुढे पाऊल टाकिले. त्याच्या 'उत्तररामचरित' नाटकाच्या सातव्या अंकात गंगेच्या तीरी वाल्मीकींनी रचिलेले नाटक अप्सरा करून दाखवितात, आणि प्रेक्षकांत स्वतः राम बसलेला असतो. टाकून दिलेली सीता गंगेत उडी घेते हे पाहून राम आक्रोश करू लागतो. लक्ष्मणास त्याला आठवण द्यावी लागते, की दादा, हे नाटक आहे. वाल्मीकी हे या कथेचे कर्ते, आणि तिच्यातील एक पात्रही. वाल्मीकिरामायणात शेवटी सीता धरणीच्या पोटात जाते, हे सर्वांस ठाऊक आहेच. भवभूतीस ते सहन झाले नाही. त्याने खरी सीता रामापुढे आणून उभी केली. एका कर्त्याने जिला अंतर दिले, तिला दुसऱ्याने पदरात घेतले.

पुढे हीच सीता सांगलीस रंगभूमीवर आली. संस्थानचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्यापुढे कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ झाले, आणि तसे काही आपल्या भाषेत करून दाखविण्याविषयी त्यांनी विष्णुदास भावे यांस सांगितले. त्यावरून ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवर' या आख्यानाचा प्रयोग झाला. मराठी रंगभूमीचा दिन म्हणून हीच तारीख आजही पाळिली जाते, व त्या दिवशी सांगलीस विष्णुदासांच्या नावाचे गौरवपदक दिले जाते.

त्या खेळाची रीत आजच्या वाचकांस नीट समजून घेतली पाहिजे. कारण आमच्या विषयाचे मर्म तेथेच आहे. आरंभी सूत्रधार मंगलाचरण करी, मग विदूषक येऊन त्याची थट्टा करी, गणपती व सरस्वती येऊन आशीर्वाद देत, आणि नंतर आख्यान सुरू होई. परंतु पुढे सूत्रधार निघून जात नसे. साथीदारांसह तो रंगभूमीवरच उभा राही, आणि साऱ्या खेळातील पदे तोच म्हणे. पात्राने त्या पदाप्रमाणे हावभाव करावे, आणि पद संपले की त्याचा आशय आपल्या शब्दांत बोलून दाखवावा. ही भाषणे लिहिलेली नसत. ज्याच्या जिभेला जसे वळण, तसे तो बोले. राक्षसांचा प्रवेश म्हणजे तर आरडाओरडा ठरलेलाच. 'अललडुर्र' हे थट्टेचे नाव या खेळांस त्यावरूनच पडले.

म्हणजे व्यवस्था कशी होती पाहा. रावणाने स्वयंवरास यावे, धनुष्यास हात घालावा आणि फजीत व्हावे, हे ठरलेले. त्यात तिळमात्र फरक व्हावयाचा नाही. परंतु फजीत होताना काय बोलावे, हे रावणाचे रावणाने पाहावे! दैव बांधलेले आणि वाणी मोकळी. शिवाय आपल्याला चालविणारा कोण, हे पात्रांपासून लपविलेले नव्हते. ऑगुस्तोस त्यासाठी आगगाडीचे तिकीट काढावे लागले. सांगलीच्या रावणास नुसती मान वळविली की झांज घेऊन उभा असलेला सूत्रधार दिसत असे.

आणि तो सूत्रधार ज्यांच्या आधारावर उभा होता, त्यांचे काय? १८५१ साली आप्पासाहेब निवर्तले, राजाश्रय तुटला, आणि विष्णुदासांस मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले. १८५३ साली त्यांनी मुंबईस खेळ केले, व तेथे तिकिटे काढणाऱ्या लोकांच्या पसंतीवर त्यांची गुजराण ठरू लागली. पात्रांची सूत्रे ज्याच्या हाती, त्याची सूत्रे अशी दुसऱ्यांच्या हाती होती.

पुढे लिहिलेली नाटके आली. पात्रांच्या तोंडचे प्रत्येक वाक्य कर्ता ठरवू लागला, आणि १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आल्यावर पदेही सूत्रधाराकडून काढून ज्याची त्यास देण्यात आली. सूत्रधार आरंभीच्या प्रवेशापुरता उरला. पुढे तोही नाहीसा झाला. पात्रांस गाणे मिळाले खरे, परंतु आपल्या मनचे बोलणे गेले, आणि कर्ता अजिबात पडद्याआड झाला. हा सौदा पात्रांच्या फायद्याचा झाला की तोट्याचा, हे आम्हांस अजून नक्की सांगता येत नाही.

याच नव्या रीतीचे थोर नाटककार गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीजवळच्या, कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूरचे. त्यांची 'शारदा' १८९९ साली आली. कांचनभट द्रव्यलोभाने आपली मुलगी भुजंगनाथ नावाच्या म्हाताऱ्यास देऊ पाहतो. आईचे काही चालत नाही, मुलीचे तर त्याहून नाही. अशा मुलीस देवलांनी सोडविले कसे? वधूवर सगोत्र असल्याचे ऐन वेळी उघडकीस येते आणि लग्न मोडते. पुढे जीव देण्यास निघालेल्या शारदेस कोदंड वाचवितो आणि अखेर त्या दोघांचा विवाह होतो. येथे आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न आठवावा. कांचनभटाच्या पाया पडून काही उपयोग नव्हता. वधूवरांची गोत्रे एक ठेवणे हे ज्याच्या हाती होते, त्याने ती एक ठेविली, म्हणून ती सुटली. दोघांची गोत्रे निराळी असती तर? तर म्हाताऱ्याशी लग्न लावण्यास त्या मांडवातील एकाही शास्त्र्याची हरकत नसती. ही गोष्ट देवलांस पुरती ठाऊक होती, असे आम्हांस वाटते. आणि म्हणूनच ती सुटका पाहताना समाधानाबरोबर थोडी लाजही वाटते. ज्या शारदा पुस्तकात नव्हत्या, खऱ्या घरांत होत्या, त्यांची गोत्रे जुळविण्यास कोणी बसलेला नव्हता. मुलीच्या लग्नास किमान चौदा वर्षे वय पाहिजे असा कायदा होण्यास १९२९ साल उजाडावे लागले. त्यास 'सारडा कायदा' म्हणत, तो अजमेरच्या हरबिलास सारडांच्या नावावरून. परंतु त्याचे नाव देवलांच्या नायिकेवरून पडले असे आपल्याकडे पुष्कळांस वाटत असे. असा गैरसमज व्हावा, यातच त्या नाटकाचे वजन दिसते.

पात्रामुळे कर्ताच अडचणीत आल्याचे उदाहरणही सांगलीचेच आहे, ते ओझरते सांगून टाकू. सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले, आणि त्यातील कीचकात लोकांस लॉर्ड कर्झन दिसू लागले. १९१० साली सरकारने नाटकास बंदी केली. कीचकाचा प्रत्येक प्रयोगी वध करविणाऱ्या कर्त्याचे काही सरकारपुढे चालले नाही.

आता साताऱ्याकडे. सांगलीजवळच्या समडोळीस १८८९ साली जन्मलेले कादंबरीकार नारायण हरी आपटे पुढे सातारा जिल्ह्यातील कोरेगावी स्थायिक झाले. शारदेच्याच संकटात सापडलेल्या एका मुलीची कथा त्यांनी लिहिली, आणि तिला नाव दिले 'न पटणारी गोष्ट'. हे नाव आम्हांस फार आवडते. गोष्टीतल्या मुलीलाच ती गोष्ट पटलेली नाही! या कादंबरीवरून प्रभात कंपनीने १९३७ साली व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'कुंकू' हा बोलपट काढला. त्यातील नीरेचे लग्न थोराड मुले असलेल्या एका विधुर वकिलाशी फसवून लावून देतात. म्हणजे शारदेस वाचविणारी जी वेळ होती, ती येथे टळून गेलेली आहे. गोत्र आडवे आले नाही, कोदंड आला नाही. तेव्हा नीरा काय करिते? ती कोणाच्या पाया पडत नाही. लग्न झाले असेल, मी ते मानीत नाही, असे म्हणून ती त्याच घरात ताठ मानेने उभी राहते. शांता आपटे यांनी केलेली ती भूमिका पाहताना, पडद्यावरील मुलगी आपल्या कर्त्याचाच हात धरून "हे असे चालावयाचे नाही" म्हणत आहे, असा भास होतो.

परंतु नीरेची सुटका होते ती कशी? त्या म्हाताऱ्यास आपल्या हातून झालेल्या अन्यायाची जाणीव होते, आणि तिला मोकळे करण्यासाठी तो चिठ्ठी लिहून ठेवून जीव देतो. केशवराव दाते यांनी तो वृद्ध असा काही उभा केला आहे, की शेवटी आपण कोणाच्या बाजूचे हेच प्रेक्षकास उमगत नाही. कर्त्याने एकीस सोडविले, ते दुसऱ्याच्या प्राणाच्या मोलाने.

आमच्या संमेलनात शारदेच्या प्रवेशास टाळ्या पुष्कळ मिळाल्या. भुजंगनाथ झालेल्या विद्यार्थ्यास मात्र कोणी शाबासकी दिली नाही, आणि मिशा काढीत तो बराच वेळ आरशापुढे बसून होता. त्याने आम्हांस काही विचारले नाही. विचारले असते तर काय उत्तर द्यावे, हे आम्ही अद्याप योजीत आहो.